सव्वीस आट्यांची सायकल

मागचं मडगार्ड सुटलं आणि आतून मातीची पोळी पडली. काळी, दगडासारखी टणक, मडगार्डच्या गोलाईचा साचा जसाच्या तसा घेतलेली. मिस्त्रींनी ती उचलली, अंगठ्याने कोपरा मोडून पाहिला. आत कापसाचा पिवळट पुंजका अडकलेला होता. "परतीच्या पावसातली हाय," ते म्हणाले. "बोंड फुटलं होतं अन् पाणी आलं. गुरुजी थ्याच दिवशी निंगाले असतीन."

गुरुजी म्हणजे माझे आजोबा. दारव्हा तालुक्यातल्या प्राथमिक शाळांमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. १९५७ साली यवतमाळात एका निवृत्त कारकुनाकडून त्यांनी ही रॅले घेतली, तेव्हाच ती जुनी होती. चोवीस इंची फ्रेम, दांडीचे ब्रेक, काळा रंग, कडेने सोनेरी रेघ. आजोबा गेले त्या वर्षी कुणीतरी ती गोठ्याच्या आढ्याला टांगली आणि पुढची तीस वर्षं तिच्याकडे मान वर करून कुणी पाहिलं नाही. चिमण्यांनी मात्र सीटखाली दोन घरटी केली होती.

काळ्या मातीत ज्याने सायकल चालवली आहे, त्याला त्या पोळीचं नवल वाटणार नाही. जून उजाडला की आमच्याकडचे पांदण रस्ते चाकं धरून ठेवतात. टायरवर थर चढतो, थरावर थर, मग मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बोटभरही जागा उरत नाही आणि चाक थांबतं. अशा वेळी आजोबा कॅरिअरला अडकवलेली पऱ्हाटीची काडी काढायचे, गारा खरवडायचे, शंभर पावलं जायचे, पुन्हा उतरायचे. फारच झालं तर सायकल खांद्यावर. वीस-बावीस किलोंचं ते लोखंड आणि वर वह्यांचं गाठोडं घेऊन ते शाळेत पोचायचे. शाळा पावसासाठी बंद ठेवलेली त्यांना चालत नसे.

ही सायकल मला चालवायची होती. धुऊन-पुसून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण सायकलीचं सायकलपण चाकात आहे. ते फिरलं नाही तर उरतं ते आजोबांचं लोखंड, आजोबांची सायकल नव्हे. म्हणून तिला मिस्त्रींकडे आणलं.

मिस्त्री सत्तरीचे आहेत. अकराव्या वर्षी पंक्चरच्या पाण्याचं घमेलं भरण्यापासून त्यांनी कामाला सुरुवात केली. नाव छापू नका म्हणाले, म्हणून इथे ते नुसते मिस्त्री. यवतमाळच्या जुन्या वस्तीत त्यांचं दुकान आहे, दुकान म्हणजे पत्र्याचं एक छप्पर आणि समोर कडुलिंब. एके काळी भाड्याच्या चौदा सायकली होत्या, तासावर. कैची मारत शिकणारी पोरं गुडघे फोडून त्या परत आणायची. आता एकही नाही. छपराखाली तारांना लटकलेले पुढच्या चाकांचे चिमटे, रिमा, चेनकव्हरं आहेत आणि भिंतीशी रिकाम्या तेलाच्या डब्यांची रांग. एका डब्यात फक्त कोन, एकात फक्त छर्रे, एकात कॉटर. कोणत्या डब्यात काय, हे लिहून ठेवलेलं नाही. त्यांचा हात न बघता तिथे जातो.

त्यांनी सायकल उलटी केली, चेनव्हीलवरची काजळी रॉकेलच्या बोळ्याने पुसली आणि खालून बगळ्याचं डोकं निघालं. मग दुसरं, मग तिसरं. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये पोलादातच बगळ्याची डोकी कापलेली असतात. तशी खूण त्या काळी प्रत्येक घराण्याची होती. रजची सायकल चेनव्हीलमधल्या पंजावरून ओळखायची, बीएसएची खूण एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, कारण ती कंपनी मुळात बर्मिंगहॅमची बंदुका करणारी. मिस्त्री इंग्रजी वाचू शकत नाहीत. त्यांना वाचावं लागलंच नाही, बगळा आणि पंजा पुरे होता.

रॅलेची गोष्ट सुरू होते नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवर. आठवड्याला जेमतेम तीन सायकली बनवणारा एक लहानसा कारखाना तिथे होता, तो फ्रँक बोडेनने घेतला आणि १८८८ च्या अखेरीस कंपनी उभी केली. पुढच्या पन्नास वर्षांत तिच्या सायकली जगभर गेल्या, हिंदुस्थानात तर तालुक्याच्या गावापर्यंत. स्वातंत्र्य आलं तसे कारखानेही आले. वरळीला बिर्लांची हिंद सायकल आधीपासून होतीच. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. सगळ्यांनी सायकल एकच बनवली, काळी, उंच, दांडीच्या ब्रेकची. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या १९८० साली संसदेने एकाच कायद्याने सरकारच्या केल्या, तरी त्या तगल्या नाहीत. आणि ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी. ती बातमी मी मिस्त्रींना वाचून दाखवली होती. ते काही बोलले नाहीत, उठून ॲटलसचं एक चेनकव्हर पुसायला लागले.

सगळ्यांनी एकच सायकल बनवली, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. टायर २८ बाय दीड. बीबीत, म्हणजे क्रँकचा ॲक्सल फिरतो त्या नळीत, पाव इंची छर्रे, दोन्हीकडे अकरा-अकरा. मागच्या हबमध्येही पाव इंची, पण नऊ-नऊ. पुढच्या हबमध्ये बारीक छर्रे, दहा-दहा. ही मापं इंग्लंडात ठरली आणि लुधियानाने ती सोडली नाहीत. त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीच्या सायकलीचं टायर आजही यवतमाळच्या बाजारात मिळतं, एकाची रिम दुसऱ्याला बसते, मोडलेली प्रत्येक सायकल ही दुसऱ्या दहा सायकलींची शिदोरी असते. मोटारीचं असं नाही, घड्याळाचं नाही, मोबाईलचं तर नाहीच नाही. माझ्या आजोबांच्या सायकलीला मागचं चाक मिळालं ते एका दूधवाल्याच्या भंगारात गेलेल्या हीरोचं. हब धुतला, नवे छर्रे टाकले, रिमचा आउट काढला आणि ते असं फिरायला लागलं की मिस्त्रींनी मला चहा होईपर्यंत नुसतं बघत बसायला सांगितलं.

उघडण्याच्या कामात सर्वांत कठीण कॉटर. क्रँक ॲक्सलवर घट्ट बसावा म्हणून त्यात तिरकी ठोकलेली ही बोटाएवढी खिळी, एका बाजूने चपटी. तीस वर्षांच्या गंजाने ती आणि क्रँक एकजीव झाली होती. मिस्त्रींनी तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ तेलाचे थेंब सोडले, हातोडीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी क्रँकखाली लोखंडी पाईपचा तुकडा उभा केला, असा की मार पूर्ण जमिनीत जावा आणि बीबीतल्या छर्ऱ्यांवर जाऊ नये. नट काढून टाकला नाही, आट्यांच्या टोकाशी बरोबर येईल इतका सैल करून ठेवला, कॉटरचं डोकं पसरू नये म्हणून. मग एकच घाव. दुसरा नाही. कॉटर सुटली आणि नट काढताच पाईपमध्ये टणकन पडली. हळू हळू दहा वेळा ठोकणारा माणूस कॉटर वाकवतो आणि मग ती ड्रिलनेच काढावी लागते, हे त्यांनी मला त्यानंतर सांगितलं. मी आदल्या रात्री घरी दुसऱ्या बाजूला तसंच दहा वेळा ठोकून आलो होतो. ती खरोखरच ड्रिलने काढावी लागली.

बीबी उघडली. ग्रीसचं डांबर झालं होतं. उजवा कप जागच्या जागी ठीक होता, ॲक्सलही चालण्यासारखा. डाव्या कपाच्या कडेला मात्र तडा गेलेला, आत छर्ऱ्यांच्या वाटेवर खड्डे. "कप पाहिजे," मिस्त्री म्हणाले. मला वाटलं हे सर्वांत सोपं. मी दुसऱ्याच दिवशी बाजारातून नवाकोरा कप आणला आणि शहाणपणा करून घरीच बसवायला गेलो. दोन आटे सरळ गेले. तिसऱ्याला अडला. मला वाटलं गंज असेल, म्हणून पाना लावून जोर दिला. एक कर्र असा आवाज आला, तो अजून कानात आहे.

मिस्त्री रागावले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी नवा कप आणि जुना कप घेतले, एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत बसवून उजेडाकडे धरले. सुरुवातीला दोन्ही एकमेकांत बसलेले. पुढे सरकावं तशी बारीक फट दिसू लागे, आणि कडेला पोचेपर्यंत एकाचा माथा दुसऱ्याच्या माथ्यावर. "याच्यावर चोवीस हायेत, याच्यावर सव्वीस," ते म्हणाले. एका इंचात चोवीस आटे हे इंग्रजी सायकलींचं नेहमीचं माप. रॅले जवळजवळ सगळे भाग आपल्याच कारखान्यात बनवी आणि तिने बीबीला आटेही आपलेच ठेवले, सव्वीस. कपावर आटे असतात ते तीन अष्टमांश इंचभर. तेवढ्यात चोवीसचे नऊ बसतात, सव्वीसचे पावणेदहा. पाऊण आट्याचा फरक. डोळ्यांना दिसत नाही, पण लोखंड तो मानत नाही.

नशीब की पहिले दोनच आटे दुखावले होते. बारीक कानसेने ते साफ करता आले. पण कप कुठून आणायचा? लेथवर करून घेता येईल, असं मी म्हटलं. मिस्त्रींनी मान हलवली. आटे पाडता येतील, पण छर्ऱ्यांची वाट कडक केलेल्या पोलादाची असते, लेथवरचा मऊ कप वर्षभरात खचेल. "सबर करा. कुठं ना कुठं भेटन."

मग आम्ही हिंडलो. दिग्रस, दारव्हा, नेर, आर्णी. प्रत्येक गावी कबाड्याचं दुकान आणि सायकलचा एक तरी म्हातारा मिस्त्री. या हिंडण्यात मला जिल्ह्याचा एक निराळाच नकाशा दिसला. कबाड्याच्या आवारात सायकली वेगळ्या निघत नाहीत, कूलरचे पत्रे, फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी यांच्याखाली त्या दडलेल्या असतात आणि किलोच्या भावाने जातात. गावोगावच्या मिस्त्रींनी पंक्चरसोबत मोटारसायकलचं ऑइल बदलायला सुरुवात केली आहे. पण जुनी सायकल म्हटलं की ते हातातलं काम बाजूला ठेवत. "ओव्हरऑइलिंग" हा त्यांचा शब्द, इंग्रजीतल्या ओव्हरहॉलिंगला त्यांनी तेल पाजून आपलंसं केलेला. वर्षातून एकदा पोळ्याच्या आगेमागे सायकल ओव्हरऑइलिंगला टाकायची पद्धत होती, असं एका मिस्त्रींनी सांगितलं. बैलासारखीच तिचीही खांदेमळणी.

कप मिळाला पुसदला. आवारात शिरताच मिस्त्री थांबले. ढिगाऱ्यातून एक चिमटा वर आला होता आणि त्याच्या प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन-दोन नळ्या होत्या. "हंबर," ते म्हणाले. दुहेरी चिमटा हंबरचाच. हंबरच्या सायकलीचा धंदा रॅलेने १९३२ मध्ये विकत घेतला आणि त्यानंतरच्या हंबर नॉटिंगहॅमच्या त्याच कारखान्यात बनल्या. म्हणजे आटे सव्वीस. ही विद्या मिस्त्रींकडे पुस्तकातून आलेली नव्हती. त्यांना एवढंच ठाऊक होतं की हंबरचा कप रॅलेला बसतो, त्यांच्या उस्तादाने तसा बसवला होता.

हंबरचं पुढचं टोक तडकलेलं होतं, आडवी दांडी कुणीतरी कापून नेलेली. ती पुन्हा उभी राहणं शक्य नव्हतं. तरीही मला क्षणभर जड वाटलं. एक सायकल जगवायला दुसरीतून काढून घ्यायचं. मिस्त्रींनी बीबी तिथेच, आवारातल्या दगडावर बसून उघडली. आतला कप ग्रीसखाली आरशासारखा. त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसून माझ्या तळहातावर ठेवला. आम्ही संपूर्ण फ्रेम वजनाने विकत घेतली आणि एसटीच्या टपावर टाकून आणली. दुहेरी चिमटा आता त्यांच्या दुकानात तारेला लटकतो आहे. "याले मागणारा बी कोणी येईन."

मधल्या काळात पुण्याला जाऊन आलो. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, २०१७ मध्ये सुरू झालेलं. त्यांच्या संग्रहाची सुरुवात बीएसएच्या पॅराट्रूपर सायकलीपासून झाली, दुसऱ्या महायुद्धात विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली, मधून घडी होणारी ती सायकल. तिथून पुढे वीसेक वर्षं जुने बाजार, भंगाराची दुकानं, ओळखीपाळखी यांतून जमवलेल्या शंभरावर सायकली तिथे उभ्या आहेत. दिवे, घंट्या, पंप, तेलाच्या कुप्या, पंक्चरच्या डब्या. एकेका वस्तूला तिचा मूळ जोडीदार शोधून दिलेला. मी तिथे एका पंपासमोर बराच वेळ उभा राहिलो, कारण आजोबांच्या फ्रेमवर तो अडकवायच्या दोन खुंट्या होत्या आणि पंप कधीच हरवला होता. ते जतन पाहून मला माझं काम जास्त स्पष्ट कळलं. संग्रहालयातल्या सायकलीने आपला काळ सांगायचा असतो, तिथे चुकीच्या सालाची घंटासुद्धा खटकते. आजोबांच्या सायकलीवर मात्र १९५७ पासून प्रत्येक मिस्त्रीने हाती लागलं ते बसवलं होतं. डावं पायडल एका कंपनीचं, उजवं दुसरीचं. तिचं मूळ रूप शोधत मी कारखान्याच्या दारापर्यंत गेलो असतो तर वाटेत आजोबाच पुसले गेले असते.

म्हणून रंग काढला नाही. गावातल्या प्रत्येकाने सांगितलं, घासून पावडर कोटिंग करून टाका, नव्यासारखी दिसेल. मी रॉकेलच्या बोळ्याने मळ काढला, गंजाच्या जागा बारीक पॉलिश पेपरने घासल्या आणि वर मेण चोळलं. खालून सोनेरी रेघ निघाली, हाताने ओढलेली, एका ठिकाणी किंचित जाड झालेली. दांडीच्या मधोमध रंग पूर्ण गेलेला आहे. तिथे माझे वडील बसून शाळेत जात.

बदल केले ते चालवण्यासाठी. यवतमाळ पठारावर आहे, साडेचारशे मीटरच्या आसपास, कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा, चढ-उतार आहेच. चेनव्हील ४४ दात्यांचं, मागची फ्रीव्हील १८ ची, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला सायकल साडेपाच मीटर जाते. सपाटीला उत्तम, चढावर माझ्या गुडघ्यांना नको. मोडीत निघालेल्या तीनचाकी ट्रॉलीची २२ दात्यांची फ्रीव्हील बसवली. आता एका फेऱ्याला साडेचार मीटर. मीटरभर कमी, पण घाटात उतरावं लागत नाही. डायनॅमो सहा व्होल्टचा, तीन वॅटचा, जुनाच ठेवला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मित्राने बंद पडलेल्या संचातले चार डायोड आणि एक कपॅसिटर काढून दिव्याच्या पोटात बसवले आणि पिवळ्या बल्बच्या जागी एलईडी लागली. सीटचं चामडं चिमण्यांनी आणि उन्हाने संपवलं होतं, सांगाडा मात्र शाबूत. चौकातल्या चर्मकार कारागिराने जाड चामडं रात्रभर भिजवलं, लाकडी ठोकळ्यावर ओढून दोन दिवस सावलीत वाळू दिलं आणि तांब्याच्या रिव्हेटांनी जडवलं. तेल जास्त पाजू नका, ढिली पडेल, एवढंच त्याने बजावलं.

या सगळ्या कामाच्या दिवसांत मला राहून राहून शकुंतला आठवायची. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटरची ती नॅरोगेज रेल्वे, किलिक निक्सन कंपनीची. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. सत्तर वर्षं ते चालतं ठेवणारे फिटर इथलेच होते. आजोबा दारव्हा मोतीबागला सायकलसकट उतरायचे. आज रूळ गवतात आहेत. इंजिन जपायला रेल्वे लागते, सायकल जपायला मात्र एक मिस्त्री पुरतो, आणि असे मिस्त्री यवतमाळात आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांच्या मुलांपैकी कुणी पाना हाती घेतलेला नाही. मुलांना तो घ्यावासा वाटावा, अशी कमाई या कामात असायला हवी होती. ती आपण मिस्त्रींना दिली नाही, पंक्चरचे दोन रुपये जास्त मागितले तर घासाघीस केली.

तरी सायकल जिल्ह्यातून गेलेली नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, आणि सकाळी कोणत्याही मोठ्या गावाच्या वाटेवर दोन वेण्या घातलेल्या मुलींची रांग दिसते. मिस्त्रींचं दुकान आज त्यांच्यावरच उभं आहे.

कप बसवला त्या संध्याकाळी तशीच एक मुलगी आली, नववीतली असावी. डावं पायडल हातात, सायकल ढकलत. पायडलचा दांडा आट्यांपाशीच मोडला होता. घर पाच किलोमीटरवर, अंधार पडत आलेला. मिस्त्रींनी डबे पाहिले. उजवी पायडलं चार होती, डावं एकही नव्हतं, आणि डाव्याचे आटे उलटे असतात, उजवं तिथे चालत नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजोबांच्या सायकलीचं जुनं डावं पायडल मी कागदात गुंडाळून ठेवलं होतं. जोडी जुळावी म्हणून मी दोन्ही नवीन घेतली होती, हे घरी जपून ठेवणार होतो.

मी कागद सोडला. मिस्त्रींनी दोन थेंब तेल टाकलं, पायडल क्रँकला लावलं आणि बोटांनीच पुढच्या बाजूला फिरवायला सुरुवात केली. अडखळलं नाही. शेवटचा अर्धा फेरा फक्त पान्याने.

"किती झाले, काका?"

"गुरुजीले देजो," ते म्हणाले. तिला काही कळलं नाही. तिने दप्तर कॅरिअरला अडकवलं, रस्त्याला लागली, आणि कडुलिंबापलीकडच्या चढावर उभी राहून पायडल मारत दिसेनाशी झाली.